मान मोडलेली गिटार आणि सरसाची गोष्ट

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा वाचायला जास्त आवडतं, त्यांच्यासाठी हा आपल्या ताज्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे बघ' काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

सप्टेंबर १९६४. लंडनच्या वायव्येला हॅरो भागात रेल्वे टॅव्हर्न नावाचा एक पब. 'द हू' नावाचा, तेव्हा फारसं कुणाला माहीत नसलेला बँड तिथे वाजवतोय. छत बुटकं आहे. गिटारवाला पीट टाउनशेंड अंगविक्षेप करत गिटार वर उचलतो, आणि तिचं डोकं सरळ छतात घुसतं. कट्. डोकं मोडलं. समोरच्या काही पोरी फिदीफिदी हसल्या म्हणे. टाउनशेंडचं डोकं फिरलं. मोडलीच आहे तर पूर्ण मोडू, म्हणून त्यानं ती गिटार आपटून तिचे तुकडे केले, दुसरी उचलली आणि काही झालंच नाही अशा थाटात वाजवत राहिला. पुढच्या खेपेला लोक 'आज मोडणार का?' म्हणून यायला लागले. स्टेजवर गिटार फोडणं ही रॉक संगीतातली अख्खी परंपरा अशी एका बुटक्या छतातून निघाली.

ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पुढची कमी जणांना माहीत असते. त्या काळात या पोरांकडे पैसे नव्हते आणि रिकनबॅकर गिटार महाग होती. मग रात्री फोडलेल्या गिटारींचे तुकडे गोळा व्हायचे, गोंद लावून जोडले जायचे, आणि तीच गिटार परत स्टेजवर. फोडणाऱ्याचे फोटो निघाले. गोंदाच्या बाटलीचा फोटो कुणी काढला नाही.

आजचा विषय ती बाटली आहे.

आधी थोडं शरीरशास्त्र. गिटारच्या लांब दांड्याला आपण सरळ नेक म्हणू, सगळे तेच म्हणतात. नेकच्या टोकाला जिथे खुंट्या असतात, ते हेडस्टॉक. दोघांच्या मध्ये एक पांढरी खाचांची पट्टी असते, ती नट. तारा खुंट्यांवरून निघतात, नटवर टेकतात आणि पुढे जातात. तार नटवर नीट दाबून बसली पाहिजे, नाहीतर ती खरखरते. दाब आणायचा सोपा उपाय म्हणजे हेडस्टॉक मागे कलता ठेवणं. व्हायोलिन, ल्यूट, मॅन्डोलिन, सगळ्यांत हीच युक्ती आहे. गिब्सन कंपनीच्या गिटारींमध्ये हा कोन पारंपरिकरीत्या १७ अंशांचा.

आता ढोबळ गणित. इलेक्ट्रिक गिटारवर सर्वसाधारण जाडीच्या सहा तारा चढवून सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण ४५ किलोच्या आसपास होतो. सिमेंटच्या गोणीपेक्षा थोडा कमी. अकूस्टिकवर तो ७० किलोच्याही वर जातो. म्हणजे तुमची गिटार खोलीच्या कोपऱ्यात शांत उभी असते तेव्हाही एक दणकट माणूस तिचं डोकं पुढे ओढत असतो. रात्रंदिवस, वर्षानुवर्षं.

तरी ती मोडत नाही, कारण लाकूड रेषांच्या दिशेनं प्रचंड चिवट असतं. गावाकडे कुऱ्हाडीनं लाकूड फोडताना पाहिलंय? ओंडका उभा ठेवतात आणि वरून घाव घालतात, की तो रेषेत उलगडतो. आडवा घाव घालून बघा, दमून जाल. रेषांच्या दिशेनं ओढलं तर लाकूड जेवढं सोसतं, त्याच्या एक दशांशही ते रेषा एकमेकींपासून फाकवताना सोसत नाही.

गिब्सनची नेक म्हणजे महोगनीचा एकच ठोकळा, त्यातून अख्खी नेक आणि डोकं कोरून काढलेलं. रेषा नेकच्या लांबीत सरळ धावतात. पण डोकं मागे १७ अंश वळलं, रेषा वळल्या नाहीत. त्या सरळच गेल्या आणि डोक्याच्या पुढच्या पृष्ठभागातून बाहेर पडल्या. म्हणजे नटच्या मागे, बरोबर जिथे वळण आहे तिथे, लांब अखंड रेषांऐवजी आखूड तुकडे एकमेकांना नुसते चिकटून उभे आहेत. सुतारांच्या भाषेत आखूड रेषेचं लाकूड. ते मोडायलाच बसलेलं असतं.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं.

ऑर्व्हिल गिब्सन हा अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅलमझू नावाच्या गावात मॅन्डोलिन कोरणारा कारागीर. त्याच्या नावानं १९०२ मध्ये कंपनी उभी राहिली. १९२१ मध्ये कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यानं एक भन्नाट गोष्ट पेटंटसाठी दाखल केली, ते पेटंट १९२३ मध्ये मिळालं. गोष्ट अशी, की तारांच्या ताणामुळे नेक हळूहळू धनुष्यासारखी वाकते. ती सरळ करायला मॅकह्यूनं नेकच्या आत एक पोलादी सळई घातली आणि तिच्या टोकाला पिळता येणारी चाकी ठेवली. नेक वाकली? चाकी पिळा, सरळ. ट्रस रॉड म्हणतात तो हाच, आणि आज जगातल्या बहुतेक स्टील तारांच्या गिटारीत तो कुठल्या ना कुठल्या रूपात असतो.

पण चाकीपर्यंत पाना पोहोचला पाहिजे, म्हणून जागा लागते. ती जागा गिब्सननं कुठे खणली? नटच्या लगेच मागे, डोक्यावर. म्हणजे जिथे रेषा आधीच आखूड, तिथूनच लाकूड उकरून खळगा केला, आणि वर दोन स्क्रूंची घंटेच्या आकाराची छोटी झाकणी बसवली. देखणी आहे ती झाकणी, वाद नाही.

आम्ही कोड लिहिणारे लोक ही परिस्थिती ओळखतो. दोन निर्णय, दोन वेगळ्या काळात, दोन्ही आपापल्या जागी शहाणपणाचे. एकत्र आले की त्यांच्या छेदबिंदूवर सगळी सिस्टिम कोसळायला तयार.

कसं मोडतं तेही सांगतो. कुणी डोकं भिंतीवर आपटावं लागत नाही. भिंतीला टेकवून ठेवलेली गिटार घसरून पाठीवर पडते, बस. मागे कललेलं डोकं सगळ्यात आधी जमिनीला लागतं. कधी तर ते जमिनीला लागतही नाही. केस बंद आहे, आत गिटार आहे, केस आडवी पडली. अंग थांबलं, पण सहा धातूच्या खुंट्यांचं वजन घेऊन बसलेलं डोकं जडत्वानं पुढे जायला बघतं, वर तारांची ओढ त्याच दिशेला. कट्. केसवर ओरखडाही नाही आणि आत मान मोडलेली.

याच्या अगदी उलट माणूस म्हणजे कॅलिफोर्नियाच्या फुलर्टनमधला लिओ फेंडर. तो वाद्य बनवणारा नव्हे, रेडिओ दुरुस्त करणारा. १९५० मध्ये त्यानं बाजारात आणलेल्या, पुढे टेलिकास्टर म्हणून ओळखल्या गेलेल्या गिटारचं डोकं कललेलं नाहीच. सपाट फळीतून मेपलची नेक कापली, डोकं फक्त एक पायरी खाली. रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड. नटवर दाब कमी पडतो ना? मग पातळ तारांसाठी एक छोटी पत्र्याची आकडी ठोकली, तार खाली दाबली जाते. ट्रस रॉडची चाकी त्यानं दुसऱ्या टोकाला, अंगाच्या बाजूला ठेवली. आणि नेक अंगाला चार स्क्रूंनी जोडली, बिघडली तर बदला. गिब्सनवाल्यांना हे सगळं फर्निचरचं काम वाटलं असणार. पण फेंडरची मान मोडल्याची तक्रार तुम्हाला क्वचित ऐकू येईल.

मग प्रश्न येतो: जुन्या लोकांना हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. स्पेनमधल्या गिटार बनवणाऱ्यांनी डोकं आणि नेक वेगवेगळ्या तुकड्यांतून करून जोडायची रीत पाळली. नेकची फळी तिरकी कापायची, कापलेला तुकडा उलटा करून चिकटवायचा. झाला कोन, आणि दोन्हीकडच्या रेषा आपापल्या दिशेनं लांबच्या लांब. लाकूडही वाचतं. याला स्कार्फ जॉइंट म्हणतात, आणि आज आशियातल्या कारखान्यांतून येणाऱ्या कितीतरी स्वस्त गिटारींत तोच असतो. सी. एफ. मार्टिन १८३३ मध्ये जर्मनीतून न्यूयॉर्कला आला तेव्हा तो चोचीसारखा खाचेत बसणारा सांधा घेऊन आला होता. त्या सांध्यामुळे मानेच्या मागे लाकडाचा एक टोकदार उंचवटा यायचा. पुढे मार्टिन कंपनीनं नेक एकाच तुकड्यातून कोरायला सुरुवात केली, सांधा गेला, पण उंचवटा नक्षी म्हणून तसाच राहिला. महागड्या मार्टिनच्या मानेमागे तो हिऱ्यासारखा आकार आजही दिसतो. सांधा मेला, त्याची आठवण कोरत बसलेत.

आता मला या सगळ्यातला सगळ्यात रंजक वाटणारा भाग.

गिब्सनला आपला दोष दिसत नव्हता असं नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी डोक्याचा कोन १७ वरून १४ अंशांवर आणला. १९६९ मध्ये कंपनीची मालकी बदलली, पुढे नॉर्लिन नावाच्या समूहाकडे ती राहिली. त्या काळात नटच्या मागे लाकडाचा जाडसर उंचवटा ठेवला, अगदी मार्टिनसारखा, पण या वेळी खरंच ताकदीसाठी. एका ठोकळ्याऐवजी तीन पट्ट्या चिकटवून नेक बनवली. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून काही वर्षं तर महोगनी सोडून जास्त कडक मेपल वापरलं. इंजिनिअरच्या नजरेनं बघाल तर हे एकेक पाऊल बरोबर आहे. मोडतंय ना? जाड करा, कोन कमी करा, थर द्या.

ग्राहकांनी हे सगळं नाकारलं.

कारण १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टननं जॉन मेयॉलच्या बँडबरोबर लेस पॉल मॉडेलवर जो आवाज काढला, त्यानंतर सगळ्यांना १९५८ ते १९६० मधलीच लेस पॉल हवी झाली. गंमत म्हणजे तेव्हा ते मॉडेल बंद झालेलं होतं. १९६१ मध्ये त्याच्या जागी पातळ अंगाची वेगळी गिटार आली होती, आणि मागणी बघून १९६८ मध्ये गिब्सनला लेस पॉल परत आणावी लागली. नव्या लेस पॉलच्या मानेमागचा उंचवटा हाताला लागतो म्हणून लोक नाराज. तीन तुकड्यांची नेक म्हणजे काटकसर, असं समीकरण बसलं. नॉर्लिन काळात इतर बाबतीत दर्जा घसरला होता हे खरंच, त्यामुळे चांगल्या सुधारणाही त्याच खात्यात बदनाम झाल्या. १९८०च्या दशकात उंचवटा गेला. एक तुकडा, महोगनी, १७ अंश, खळगा, सगळं परत. आज तुम्ही शोरूममध्ये जाऊन लाखो रुपये मोजून जी गिटार घेता, ती मोडण्याच्या बाबतीत १९५९च्या गिटारशी प्रामाणिक आहे.

मला यात ग्राहकांचा मूर्खपणा दिसत नाही, खरं सांगायचं तर. आवाज नेमका कशातून येतो हे नक्की ठाऊक नसलं, की माणूस काहीच बदलू देत नाही. आमच्या ऑफिसात एक जुनी स्क्रिप्ट आहे, तिला कुणी हात लावत नाही, त्याचं कारण हेच.

म्हणजे मोडणार हे ठरलेलंच. उरला प्रश्न जोडण्याचा.

लाकडाला लाकूड चिकटवायचा माणसाचा उद्योग फार जुना. इजिप्तमध्ये थीब्जला रेखमिरे नावाच्या वजिराची कबर आहे, जवळपास साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. तिच्या भिंतीवर सुतार काम करताना दाखवलेत आणि त्यांच्यात चुलीवर गोंदाचं भांडं आहे. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त वज्रलेपावर वेगळा अध्यायच लिहिला. त्यातल्या एका पाककृतीत जनावरांची शिंगं, कातडी, केस असं सगळं आहे. हाच तो आपल्या सुतारांचा सरस. घरात कुणी आजोबा सुतारकाम करणारे असतील तर त्यांना विचारा, सरस म्हटल्यावर पहिल्यांदा ते नाक मुरडतील. कातडं, हाडं उकळून काढलेला तो तपकिरी पदार्थ भिजत घालायचा, मंद आचेवर वितळवायचा, गरम असतानाच लावायचा. वास असा की शेजारचे भांडायला येत.

पण सरस ही फार हुशार चीज आहे. त्यात असतं कोलॅजेन, प्रथिनाच्या लांब साखळ्या. ६० ते ६५ अंशांवर तो वाहता होतो, लाकडाच्या छिद्रांत शिरतो. थंड होताना घट्ट होतो, सुकताना आकसतो आणि दोन्ही तुकडे एकमेकांकडे ओढून घेतो. सुकल्यावर काचेसारखा कडक; ताणाखाली वर्षानुवर्षं राहूनही सरकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऊब आणि ओल दिली की परत सुटतो. व्हायोलिन तीनशे वर्षं जगली त्यामागे हे आहे. बिघडलं की उघडा, दुरुस्त करा, परत लावा.

नवीन गोंदाची सुरुवात जर्मनीत. १९१२ मध्ये फ्रिट्झ क्लाटे यानं व्हिनाइल ॲसिटेटपासून पॉलिमर बनवण्याची वाट शोधली, तिचंच पुढे पांढऱ्या गोंदात रूपांतर झालं. पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण. पाणी लाकडात मुरतं, उरलेलं उडतं, कण एकमेकांत मिसळून सलग थर होतो. चूल नको, वास नको. अमेरिकेत ओहायोतल्या फ्रँकलिन कंपनीनं याचाच जास्त कडक, पिवळसर भाऊ टाइटबॉन्ड नावानं आणला, आणि जगभरच्या गिटार दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर आज तो असतो. आणि आपल्याकडे? १९५९ मध्ये बळवंत पारेखांनी मुंबईत फेव्हिकॉल आणला तो नेमका सरसाला पर्याय म्हणून. आपण त्याच्या जाहिरातींवर हसत मोठे झालो, पण त्या पांढऱ्या डब्यानं देशभरच्या सुतारांच्या चुलीवरचं भांडं उतरवलं, ही मोठी घटना आहे.

आता इथे थोडं घरचं सांगतो. आपल्या एपिसोडच्या सुरुवातीला जी धून वाजते, ती आमच्या एडिटरनं वाजवलेली आहे. त्याची गिटार, महोगनीच्या एका तुकड्याची नेक, पहिल्या नोकरीच्या पहिल्या सहा पगारांतून साठवून घेतलेली. दिवाळीत पुण्याहून कोल्हापूरला जाताना बसच्या डिकीत ठेवायला लावली. कोल्हापूरला केस उघडली तर डोकं समोरच्या काळ्या पातळ थरावर बिजागरीसारखं लोंबकळतंय. त्यानं मला फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. मी फोन केला तर म्हणाला, "विकून टाकतो रे तुकडे. खुंट्या तरी जातील." दोन दिवस तो असाच बोलत होता, आणि मला कळत होतं की प्रश्न गिटारचा एकट्याचा नाही. नोकरी बदलायची की नाही, वाजवणं चालू ठेवायचं की नाही, सगळं त्या लोंबकळणाऱ्या डोक्याला येऊन लटकलं होतं.

पुण्यात आम्ही एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. पेठेत, जिन्याखाली, दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. काकांनी केस उघडली आणि पहिला प्रश्न विचारला:

"तारा कुणी सैल केल्या?"

"मीच, काका. उघडल्यावर लगेच."

"आणि गोंद? काही भरलंयस का आत?"

"नाही काका, हातच लावला नाही."

"मग निम्मं काम तूच केलंयस. लोक त्या दोन रुपयांच्या ट्यूबा ओतून आणतात माझ्याकडे."

दोन रुपयांची ट्यूब म्हणजे सुपरग्लू. त्याचाही इतिहास आहे: १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर यांच्या हाताला तो लागला, सगळ्याला चिकटतो म्हणून वैतागून बाजूला ठेवला गेला, आणि १९५८ मध्ये बाजारात आला. छोट्या चिरा भरायला दुरुस्तीवालेही वापरतात. पण मोडलेल्या मानेत घाईघाईनं ओतला, की तुकडे नीट बसायच्या आत तो पकडतो. वाकडा सांधा कायमचा वाकडा. वर तो छिद्रं बुजवून टाकतो, मग दुसरा कुठलाही गोंद आत शिरत नाही.

काकांनी पुढे जे केलं ते मी शेजारी स्टुलावर बसून पाहिलं. मोडलेल्या भागाला त्यांनी पॉलिशपेपर लावला नाही, खरवडलं नाही, फक्त ब्रशनं धूळ झटकली. कारण ती तुटलेली टोकं म्हणजे एका कुलपाची हजार दातांची किल्ली आहे. एक दात घासला की किल्ली बसत नाही. मान आखूड रेषेत तिरकी मोडते, त्यामुळे मोडलेला पृष्ठभाग लांबट असतो. गोंदाला तेवढंच जास्त क्षेत्रफळ मिळतं. ज्या कारणानं मान मोडते, त्याच कारणानं ती चांगली जुळते, हे मला तिथे बसल्यावर उमगलं. आडवी, तुटक मोडलेली मान खरी वाईट. तिला मग मागून लाकडाच्या पट्ट्या खाचेत बसवून आधार द्यावा लागतो.

ट्रस रॉडची चाकी आधी सैल केली, तिच्यावर मेण लावलं, म्हणजे गोंद तिला धरणार नाही. मग एकदा कोरडंच जोडून पाहिलं, क्लॅम्प कुठे बसणार ते पेन्सिलनं आखलं. मानेच्या गोलाईसाठी खोबणी केलेला लाकडी ठोकळा, आत कॉर्कचा थर. हे सगळं तयार झाल्यावरच पिवळ्या गोंदाची बाटली उघडली. बारीक ब्रशनं आणि जिथे ब्रश जात नाही तिथे सुईच्या सिरिंजनं गोंद आत, दोन्ही बाजूंना. जोडलं, दाबलं. कडेनं सगळीकडून मोत्यांसारखे गोंदाचे थेंब बाहेर आले. "हे बघायचं असतं," काका म्हणाले. "जिथे थेंब नाही, तिथे गोंद नाही." ओल्या फडक्यानं पुसलं, क्लॅम्प आवळले. एकूण पाच-सात मिनिटं, त्याहून जास्त वेळ गोंद देतच नाही.

"सरस का नाही वापरला, काका?" मी विचारलं.

"वापरतो की. जुन्या व्हायोलिनला दुसरं काही लावत नाही. पण याला रोज पंचेचाळीस किलो ओढणार. सरस कडक उन्हात बंद गाडीत सुटला तर? तुमची पोरं गाडीतच ठेवतात वाद्यं."

अर्ध्या तासात असा गोंद पकडतो, पण ताण द्यायला २४ तास थांबायचं. काकांनी चार दिवस ठेवली. परत देताना त्यांनी झाकणीच्या आत कागदाची चिठ्ठी चिकटवली होती: तारीख आणि गोंदाचं नाव. "परत मोडली तर पुढच्याला कळायला नको?" मी कितीतरी सीनिअर डेव्हलपर पाहिलेत जे एवढी कमेंट लिहीत नाहीत.

जोड नीट झाला असेल तर तो आजूबाजूच्या लाकडापेक्षा मजबूत असतो. परत पडली तर बहुतेक वेळा शेजारी मोडते, सांध्यावर नाही. तरीही बाजार हे मानायला तयार नाही. जुन्या गिटारींच्या खरेदी-विक्रीत मान मोडून जोडलेली असेल तर किंमत साधारण निम्मी धरायची, असा रिवाज आहे, मग आवाज तोच का असेना. विकणाऱ्याचा तोटा, पण वाजवणाऱ्यासाठी हीच खिडकी आहे. मूळ १९५०च्या दशकातल्या लेस पॉलला हात लावायची ऐपत नसलेल्या कित्येक वादकांनी जोडलेल्या मानेचीच घेतली. आमच्या एडिटरला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "विकायचीच नाहीये आता." पुढच्या महिन्यापासून धून नवीन ऐकू येईल, त्यानं ती परत रेकॉर्ड केलीय. नोकरीचं अजून ठरत नाहीये.

जाता जाता, मिरजेचा उल्लेख केला नाही तर सांगलीकर श्रोते मला सोडणार नाहीत. मिरजेची तंतुवाद्यं म्हणजे फरीदसाहेबांचा वारसा, मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते सतार-तंबोऱ्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. तिथे वापरलं जाणारं तुणीचं लाकूड वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं महोगनीच्याच कुळातलं आहे, ही एक गंमत. पण तंबोऱ्याचं डोकं मागे कललेलं नसतं. दांडी सरळ जाते आणि खुंट्या तिच्यातच बसतात. त्यामुळे रेल्वेच्या प्रवासात तंबोऱ्याची मान अशी मोडत नाही, फुटतो तो भोपळा. पंढरपूर, मंगळवेढ्याकडून येणारा तो वाळलेला भोपळा फुटला की त्याचे तुकडे जुळवून परत गोल करणं ही वेगळीच विद्या आहे, आणि ती करणाऱ्या एका कारागिरांशी माझं बोलणं झालंय. त्यांनी वेळ दिलाय तो पुढच्या महिन्यातला. तो एपिसोड मिरजेतूनच रेकॉर्ड करू. तोवर तुमच्याकडे कुणाची मान मोडलेली गिटार माळ्यावर पडली असेल तर आधी तारा सैल करा, पडलेली छोटी छोटी शकलं डबीत जपून ठेवा, आणि फोटो मला पाठवा.